ओढ्याला उतार आहे का?

शिकारीहून परत आलं की लोक विचारतात, "मिळालं का काही?" मिळतं ना. ओले मोजे मिळतात, सर्दी मिळते, आणि एखादा किस्सा मिळतो. हरणाचं मांस ठेवायला हौसेनं घेतलेल्या माझ्या फ्रीजरमध्ये सध्या मटार आणि खवलेला नारळ आहे. किश्श्यांना मात्र आता जागा पुरत नाही.

आम्ही चौघं अमेरिकेतल्या बॉथेलचे. मी, पुण्याचा मंदार, नागपूरचा विशाल आणि सुधाकरकाका. काका आमच्या कितीतरी आधी इथे आलेले, आता रिटायर झालेले, मूळचे वैनगंगेकाठचे. दर ऑक्टोबरात लायसन्स काढायचं, पहाटे उठायचं आणि डोंगर ओलांडून पलीकडे जायचं. गाडी लावायची जागा अलीकडे, हरणं चरतात ते कुरण पलीकडे, आणि मधे ओढा. नकाशात त्याला छानसं इंग्रजी नाव आहे. आमच्यासाठी तो ओढाच. आमची अर्धीअधिक शिकार त्या ओढ्यातच संपते. खरं सांगतो, आता दमायला होतं.

* * *

पाण्यात पाय टाकण्याआधी काकांची उजळणी असते. बंदूक रिकामी. सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला, म्हणजे पडलात तर सॅक जाईल, तुम्ही नाही. हातात काठी, तोंड पाणी येतं त्या बाजूला, आणि एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. बूट काढायचे नाहीत.

एका वर्षी विशालनं बूट काढले. लेस बांधून गळ्यात अडकवले आणि अनवाणी निघाला. "नवे आहेत ना काका, ओले होतील."

"बूट दुकानात मिळतात रे. पाय कुठल्या दुकानात मिळतात?"

मधोमध त्याला दगड टोचला, तो उडाला, आणि एक बूट सुटून वाहत गेला. परतीचा सगळा रस्ता त्यानं एका पायात बूट आणि दुसऱ्यात माझी कानटोपी घालून काढला. कानटोपी अजून त्याच्याकडेच आहे. मी मागितलेली नाही.

* * *

मंदार टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्याच्या कामातली चूक दिसली की त्याला जेवण जात नाही. लग्नाच्या जेवणावळीत मेन्यूकार्डावरचं शुद्धलेखन तपासणारा माणूस.

एकदा पाऊस होऊन गेला होता. काका वॉकीटॉकी घेऊन पुढे पाहणी करायला गेले. थोड्या वेळानं आवाज आला, "आडव्या झाडाच्या वर उतार आहे. कळलं का? झाडाच्या वर उतार आहे."

"कॉपी काका," मंदार म्हणाला, आणि झाडाच्या खालच्या बाजूनं पाण्यात शिरला. तिथलं पाणी कसं शांत होतं. तिसऱ्या पावलाला तो छातीपर्यंत आत होता. पट्टा सोडलेला म्हणून सॅक टाकता आली आणि तो बाहेर आला, नाहीतर हा किस्सा सांगायची माझी छाती झाली नसती. विशालनं आणि मी त्याला ओढून काठावर घेतलं.

काका धावत आले. "अरे, उतार सांगितला होता ना तुला?"

"म्हणूनच तर इकडून आलो," मंदार दात वाजवत म्हणाला. "उतारावर स्लिप व्हायला नको म्हणून."

काकांच्या गावाकडे नदी पायी ओलांडता येते त्या जागेला उतार म्हणतात. पुण्यातल्या माणसाला उतार म्हणजे घसरगुंडी. तेव्हापासून तो शब्द आम्हाला चिकटला. ऑफिसात मीटिंग लांबली की मंदारचा मेसेज येतो, "उतार आहे का?"

* * *

मालतीकाकूंची, म्हणजे काकांच्या बायकोची, एकच अट होती. ओले होऊन घरी आलात की शिकार बंद.

गेल्या वर्षी काकांचा गुडघा ऐन ओढ्यात दगा देऊन गेला आणि ते बसले पाण्यात. लागलं नाही फारसं. पण अट होती. म्हणून गाडीत काकांना विशालची जादाची पँट घातली. विशाल सहा फुटाच्या वर. काका विशालच्या खांद्याला लागतात. पँट खालून चार वेळा दुमडावी लागली.

दार काकूंनी उघडलं. काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आम्हाला विचारलं, "ह्यांना धुऊन आटवून आणलंत का रे?"

मग चहा केला, आणि काका आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "वर्षभर त्या चार दिवसांची वाट बघतात हो. बंद करा म्हणून मी सांगायचं कसं? पण पुन्हा पडले तर तुम्हालाच विचारीन." त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

* * *

यंदा पाऊसच नव्हता. ओढा इतका आटला होता की दगडांची डोकी कोरडी होती. विशाल उजळणीची वाट न बघता पाण्यात उतरला, तर घोटाही बुडेना.

काका काठावर उभे होते. काठी टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. एक हात गुडघ्यावर होता.

शेवटी काका म्हणाले, "आज उतार नाही."

विशालनं माझ्याकडे बघितलं. मी मंदारकडे. मंदारनं पाण्याकडे बघितलं, तळाचे गोटे मोजता येत होते, मग काकांच्या गुडघ्याकडे.

"नाही काका," तो म्हणाला. "अजिबात नाही."

विशालनं पाय मागे घेतला. "पाणी थंड पण लई आहे यार."

मग आम्ही अलीकडेच बसलो आणि काकूंनी दिलेली थालीपिठांची शिदोरी सोडली. लोण्याचा डबा फिरत होता, एवढ्यात समोरच्या कुरणातून एक हरीण खाली आलं. आमच्याकडे बघितलं, आणि सावकाश, एकेक पाय टेकत, ओढा ओलांडून आमच्या बाजूच्या झाडीत निघून गेलं. बंदुका रिकाम्या होत्या आणि भरायला कोणी उठलं नाही.

काकांनी घास संपवला.

"त्याचं काय," ते म्हणाले. "त्याला चार गुडघे आहेत."