आज मीच घसरगुंडीवरून खाली आले

मंडळी, धंतोली-रामदासपेठेत लेकरांना खेळायला चांगली जागा शोधून शोधून थकले होते मी. कुठे झोपाळ्याची साखळी तुटलेली, कुठे मैदानभर गाड्या लावलेल्या. आज संध्याकाळी दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत एक छोटी बाग सापडली. खाली वाळू, दोन झोपाळे आणि चांगली उंच घसरगुंडी!

माझी चार वर्षांची मीरा धावतच वर चढली आणि वर पोचल्यावर तिने भोकाड पसरलं. खाली यायला तयारच नाही. मागे पोरांची रांग लागलेली. शेवटी मीच शिडी चढले.

चौकीदार ओरडले, "ओ ताई, मोठ्यायले मनाई हाय!"

"मंग तुम्ही उतरवता का हिले?"

त्यांनी घसरगुंडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

मीराला मांडीवर घेतलं, डोळे मिटले अन् सुटले. दोघी थेट वाळूत! मीरा म्हणते, "आई, पुन्हा!"

बाकावर डबा घेऊन बसलेल्या एक काकू खदखदून हसत होत्या. त्यांचे यजमान समोरच्या दवाखान्यात भरती आहेत. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "इथं आल्यापासून आज पहिल्यांदा हासली वं मी." मग हळूच, "मी बी बसून पाहू का?"

चौकीदारदादा पाठ फिरवून झाडांना पाणी घालू लागले.

घसरत खाली येताना काकू मीरापेक्षा जोरात ओरडल्या!

तुमच्या भागात लेकरांसाठी अशी बाग आहे का? कमेंटमध्ये सांगा. आणि खरं सांगा, तुम्ही स्वतः घसरगुंडीवर शेवटचं कधी बसलात?