बाळंतिणीचं पाणी

परदेशातून अभ्यासाला आलेली पोरं आजही कधीकधी माझ्याकडं पाठवली जातात. गावात कसं वागायचं, कपडे कसे घालायचे, फोटो कधी काढायचा, हे त्यांना विचारायचं असतं. मी आधी विचारते, "कुणी पाणी दिलं तर काय करणार?" ती गोंधळतात. मग मी त्यांना पहिल्या पाहुणीची गोष्ट सांगते.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. लोकांच्या तोंडात अजून उस्मानाबादच होतं. त्यातच दुष्काळ पडलेला. मी नांदेडला बी.ए. होऊन घरी आले होते. आमच्या बौद्ध वस्तीतली पहिली पदवीधर, आणि तीही मुलगी. हे मी तेव्हा मिरवायचे, आजही मिरवते. का मिरवू नये? कॉलेजातल्या सरांनी निरोप धाडला की परदेशातून एक बाई आल्यात, रोजगार हमीवर जाणाऱ्या बायांचा अभ्यास करायचाय, दुभाषी पाहिजे. माझं इंग्रजी पुस्तकी होतं, पण होतं.

मी तिला आमच्याच गावी नेलं. अहमदपूरहून जळकोटकडं जाताना आत वळावं लागतं. पहिलं घर माझ्या आत्याचं. आत्यानं घासूनपुसून तांब्या पुढं केला. त्या दिवसांत टँकर कधी येईल त्याचा नेम नव्हता, तरी तांब्या काठोकाठ होता. बाईनं हसून हात जोडले, मान हलवली, आणि खांद्यावरच्या पिशवीतून आपली बाटली काढून घोटभर प्याली. शेजारच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तांब्या आलाच नाही. पाणी नाही म्हटल्यावर चहाचं नावही कुणी काढलं नाही.

एरवी आमच्या बाया मुकादमाचं नाव काढलं की थांबायच्या नाहीत. त्या दिवशी प्रत्येक प्रश्नाला "हाव", नाहीतर "न्हाई", नाहीतर "आमाला काय कळतंय बाई."

निघताना आत्या म्हणाली, "तुझी पाव्हणी लई मोठी हाय. आमचं पाणी चालत न्हाई तिला. तू बी आता बाटली घिऊनच फिरायलीस का?"

ते मला लागलं. बाया बोलल्या नसत्या तर पाहुणीचा अभ्यास तिथंच संपला असता. माझ्यासाठी तर ती माझीच वस्ती होती.

वाटेत मी तिला सांगितलं, लाज न धरता. माझ्या आजोबानं परक्याच्या विहिरीवर वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायलंय. आमच्या हातचं पाणी लोक घेत नव्हते. तू नको म्हणालीस, तर यांना तेच ऐकू आलं.

ती रस्त्यातच थांबली. तिच्या विद्यापीठानं सूचनांचं पुस्तक दिलेलं, त्यात कच्चं पाणी पिऊ नका एवढंच होतं. त्यातून नांदेडला उतरल्या उतरल्या जुलाबानं तिला सलाईन लागलेलं. "उद्या मी पिते," म्हणाली.

"पिऊ नकोस," मी म्हणाले. "आजारी पडलीस तर बोल आमच्या पाण्याला लागेल."

दिवस मावळायच्या आत मी परत आत्याकडं गेले. म्हटलं, "आत्याबाई, ती बाटायला भीत न्हाई. पोट बिघडंल म्हणून भ्यायलीय. सलाईन लागलंय तिला."

आत्या भाकरी थापता थापता थांबली. "मग आसं तोंडानं सांगायचं की. मुकी हाय का ती? बाळंतिणीला आपण कच्चं पाणी देताव का?"

दुसऱ्या दिवशी आत्यानं ओवा टाकून खळखळा उकळलेलं, निववलेलं पाणी पुढं केलं. बाईनं तांब्या वर धरला नाही, तोंडाला लावला आणि घटाघटा प्याली. दारात बाया जमल्या होत्या.

"घ्या, बाळंतीण बसली," शेजारीण म्हणाली. "लेकरू कुठं हाय गं?"

"मागनं इमानात बसून यायलंय," दुसरी म्हणाली.

"आन् बाप?"

"बाप टँकर आणाय गेलाय."

मी इंग्रजीत सांगितलं, तशी ती सगळ्यांच्या नंतर हसली. मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ही माझी लेक. बी.ए. होऊनच जन्मली." हे मराठीत मला माझ्याच तोंडानं सांगावं लागलं. आत्या म्हणाली, "मग बारशाला उशीर झाला की."

त्या दिवसापासून घराघरात तिच्यासाठी ओव्याचं पाणी झाकून ठेवलेलं असायचं. सरपण गोळा करायला बायांना मैलभर जावं लागायचं, तरी. बाया बोलल्या. खडीच्या मापात होणारी खोट, बाभळीच्या सावलीत ठेवलेली लेकरं, मुकादमाची बोलणी, सगळं बोलल्या. तिचा अभ्यास झाला. त्या कामावरून तिनं केलेल्या शिफारशीवर मला पुढं नोकरीची वाट सापडली. म्हणून मी तिची ऋणी आहे. चूक कळल्यावर तिनं हुज्जत घातली नाही. आणि आत्याची तर मी त्याहून जास्त ऋणी, कारण अपमान गिळून ती इलाज शोधायला बसली.

म्हणून येणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगते. बाटली पिशवीत राहू द्या. अडचण असेल तर ती तोंडानं सांगा. लोक उकळून देतात.

आत्या होती तोवर परदेशाहून पत्र आलं की कामं सोडून ऐकायला बसायची. मजकूर काहीही असो, तिचा प्रश्न ठरलेला.

"आपली बाळंतीण बरी हाय ना?"