जाहिरातींची जोडी

माझ्या मुलीची एक गल्ली होती, फक्त मोबाईलमध्ये. त्या गल्लीत घराघरात एकेक प्राणी राहायचा आणि प्रत्येक प्राण्यामागे कुठलं तरी एक पोर असायचं. आमचा ससा होता, जमिनीला टेकणाऱ्या कानांचा आणि सदा भुकेला. समोर कासव, शेजारी घुबड, कोपऱ्यावर एक जाडं मांजर. वेळेवर खायला घातलं नाही तर ससा पाय पसरून बसायचा आणि अशा नजरेनं बघायचा की दारातल्या खऱ्या कुत्र्याला कधी शिळी पोळी न घालणारी माझी मुलगी ताटावरून उठायची. खाणं फुकट मिळायचं, फक्त आधी एक जाहिरात बघावी लागायची. एक जाहिरात, एक गाजर.

गल्लीतल्या पोरांना एकमेकांशी लिहून बोलता यायचं. पण नाव, गाव, शाळा, फोन नंबर यांतलं काही लिहिलं की त्या जागी नुसते तारे उमटायचे. मुलांची साइट आहे, एवढी काळजी हवीच, असं मीही म्हणाले होते. मग ही पोरं बोलणार काय? ती एकमेकांना जाहिराती सांगायला लागली. मला आज बिस्किटांची आली, तुला कसली? दोघांना एकच आली की जोडी लागली. जोडी लागली की दोघांनी एकमेकांच्या प्राण्याला आपल्यातलं खाणं द्यायचं. हा खेळ साइटवाल्यांनी शिकवला नव्हता, पोरांनीच काढला होता. मोठी माणसं जाहिरात लागली की मान फिरवतात. ही पोरं डोळ्यांत तेल घालून बघायची.

खातं मीच उघडून दिलं होतं. एवढ्याशा पोरीचा ईमेल कुठून आणणार, म्हणून माझा दिला. जन्मसालही माझंच टाकलं आणि मोबाईलही माझाच. सगळ्याच आया असं करतात.

आमचं घर हिंजवडीच्या टॉवरांच्या पायथ्याशी, जुन्या गावठाणात आहे. त्यातल्याच एका टॉवरच्या सोसायटीच्या ऑफिसात मी बसते आणि गळक्या नळांच्या, बंद लिफ्टच्या तक्रारी लिहून घेते. नवरा कंपनीची कॅब चालवायचा. संध्याकाळी तो घरी असला की मुलगी त्याच्या मांडीला टेकून ससा सांभाळायची आणि जाहिराती दोघं मिळून बघायचे. एकदा आमच्याच मागच्या टॉवरची जाहिरात लागली. गोरी गोरी बाई बाल्कनीत कॉफी पीत होती आणि समोर हिरवा डोंगर.

"ती बाई वाकून खाली बघंल तर आपली वाळत घातलेली चड्डी दिसंल तिला," नवरा म्हणाला. "ते न्हाई दाखवत बघ."

मुलगी इतकी हसली की तिनं ते जसंच्या तसं गल्लीत लिहून टाकलं. चड्डीला तारे आले नाहीत. घुबडालाही तीच जाहिरात आली होती, त्यामुळे जोडी लागली आणि सशाला दुसरं गाजर मिळालं.

पावसाळा सरता सरता नवऱ्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. जाऊबाई म्हणाल्या, "कावीळ हाय. पौडच्या फुडं एक जण पाला देतो, चार दिसात उतरती." पाला घेतला, उसाचा रस झाला, तेलकट बंद केलं. कावीळ उतरली नाही, माणूस मात्र उतरत गेला. शेवटी बावधनच्या एका दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावून दार लावून घेतलं. दार लावलं तेव्हाच मला कळलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि पसरलेला होता. आता त्रास कमी राहील एवढं बघू, असं ते म्हणाले.

परतताना चांदणी चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली. तिथं तो पहिल्यांदा बोलला. "पोरीला सांगू नको."

"कळेलच की तिला कधी तरी."

"कळंल तवा कळंल. तवर ती माझ्याकडं बा म्हणून बघू दे. पेशंट म्हणून न्हाई."

मलाही तेच हवं होतं. माझ्या स्वभावात पोटात ठेवणं आहे. माहेरी लहानपणापासून सगळे जण मला गुपितं सांगायचे, कारण ती माझ्याकडून बाहेर पडत नसत. ह्या एका गुणाचा मला थोडा तोराही होता. मुलीला सांगितलं, बाबांना कावीळ आहे, बरी व्हायला वेळ लागतो, दंगा करायचा नाही. जाऊबाईंना बजावलं, शेजाऱ्यांना बजावलं. समाचाराला येणारी बाई दारातच डोळ्याला पदर लावायला लागली की मी तिला मागच्या मागे परत पाठवायची. लोक मला उद्धट म्हणाले, म्हणू देत. घरात रडायचं नाही हा माझा कायदा होता आणि तो मी सगळ्यांना पाळायला लावला, स्वतःलाही.

पण मला कुणाला तरी विचारायला हवं होतं. डॉक्टरांपुढे माझं तोंड उघडायचं नाही, म्हणून मी मोबाईलला विचारायची. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्याच्या रांगेत, कंपनीच्या गाड्यांच्या गर्दीत अडकलेल्या बसमध्ये. ह्या आजारात माणूस किती काळ काढतो. पोटात अन्न ठरत नसेल तर काय द्यावं. दुखणं थांबवणाऱ्या पट्ट्या कुठे मिळतात. दवाखान्यासारखा पलंग भाड्यानं मिळतो का. शेवट जवळ आला हे कसं ओळखायचं. विचारून झालं की सगळं पुसून टाकायची. काही राहिलं नाही ना, हे पुन्हा बघायची आणि घरी येऊन मोबाईल मुलीच्या हातात द्यायची, कारण सशाची वेळ झालेली असायची.

एक दिवस ती कुरकुरत आली. "आई, हल्ली माझी जोडीच लागत नाही."

"कसली जोडी?"

"जाहिरातींची. सगळ्यांना चॉकलेटच्या, सायकलच्या येतात. मला नुसत्या म्हाताऱ्यांच्या येतात. पलंगाच्या, पावडरीच्या, मोठ्या माणसांच्या डायपरच्या."

मी भाजी चिरत होते. "मोबाईल जुना झालाय," मी म्हणाले. "काहीही दाखवतो तो." खरं सांगते, मला तेव्हा कळलंच नाही. ऑफिसात सगळ्यांची कुलपं-किल्ल्या सांभाळणारी मी, पण जाहिराती माझ्या मागून घरापर्यंत येत असतील हे डोक्यात आलं नाही. मला वाटायचं, मी पुसलं म्हणजे पुसलं गेलं.

त्यानंतर तिनं कधी तक्रार केली नाही. उलट ती शहाणी झाली. शाळेच्या सहलीचा हट्ट तिनं आपणहून सोडला. शाळेतून आली की बाबांच्या पायांशी बसून तळवे चोळायची. आपल्या मोबाईलवर तो बैलगाडा शर्यती बघत पडलेला असायचा. तीही बघायची, कुठली जोडी शर्यतीच्या घाटात पुढे निघेल यावर दोघं पैजा लावायचे. तिनं कावीळ ह्या विषयावर एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, माझं सोंग वठलं. तो वाळून चाललेला, आवाज बसलेला, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते की पोरीच्या कानावर मी काही येऊ दिलं नाही.

उन्हाळा लागायच्या आत तो गेला. दुपारची वेळ होती आणि मुलगी शाळेत होती. जाऊबाई तिला आणायला गेल्या. ती येईपर्यंत काय बोलायचं ते मी जुळवत बसले. कावीळ वाढली, अचानक वाढली, डॉक्टरांच्याही हातात राहिलं नाही. ती आली, दप्तर खुंटीला अडकवलं, बाबांजवळ बसली आणि चादर नीट केली. मी तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, "नको बोलूस आई, राहू दे." मला वाटलं धक्का बसलाय पोरीला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी गेले, पाहुणे पांगले. शेजारच्या घरांनी जेवण पाठवलं होतं, त्यांची भांडी घासून परत करायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घासत होते आणि ती पुसून कुणाचं कुठलं ते वेगळं लावत होती. मला ते ओझं आता पेलवेना. मी म्हणाले, "बाळा, तुला एक सांगायचं राहिलं. बाबांना कावीळ नव्हती."

"माहितीये," ती म्हणाली.

तिच्या हातातलं पातेलं पुसणं थांबलं नाही. मी विचारलं, कुणी सांगितलं, शेजारच्यांनी? जाऊबाईंनी? ती म्हणाली, कासवानं.

कासवामागे कुणी तरी तिच्याहून मोठी मुलगी होती. माझ्या मुलीला रोज कसल्या जाहिराती येतात ते ती वाचत होती. एक दिवस तिनं लिहिलं, तुमच्या घरी कोण आजारी आहे? आमचे आजोबा होते तेव्हा आम्हालाही ह्याच यायच्या. माझ्या मुलीनं विचारलं, मग आजोबा बरे झाले का? तिनं लिहिलं, नाही. त्या दिवसापासून गल्लीनं आपला नियम बदलला. आमच्या सशाची जोडी रोज लागली असंच सगळ्यांनी धरायचं ठरवलं. मांजर, घुबड, कासव, जे कुणी असतील ते, रोज काही ना काही आणून सशाला घालायचे. तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. तेवढं साइटनं तारे लावून लपवलं होतं. बाप मरणार आहे हे मात्र त्याच साइटनं गाजराच्या आधी तिला दाखवलं. मला त्या वेळी कुणाचा तरी गळा धरावासा वाटला, पण तिथं धरायला कुणाचा गळाच नव्हता.

"मला विचारायचंस ना गं," मी म्हणाले.

"मी बाबांना विचारलं. तू ऑफिसला गेली होतीस."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, व्हय." तिनं त्याच्यासारखंच म्हटलं. "मग मी रडले. त्यांनी टॉवेलनं माझं तोंड पुसलं आणि म्हणाले, तुझ्या आईला न्हाई सांगायचं. आपल्यापायी ती एवढं लपवतीया, तिचं मोडू नको."

मी राखेनं भरलेले हात धुवून घेतले. मला त्याच्या जाण्याचं दुःख होतंच, पण त्या क्षणी जे दुखलं ते वेगळं होतं. मला त्या दोघांचा हेवा वाटला. त्यांचं एकमेकांशी बोलून झालं होतं, आणि नंतर किती तरी दुपारी ती दोघं शर्यती बघत माझ्यासाठी गप्प राहिली होती. मी मात्र नवऱ्याशी शेवटपर्यंत फक्त औषधांच्या वेळा बोलले. माझ्या कायद्यानं एकच माणूस बाहेर ठेवला, ती मी.

ती माझ्याजवळ सरकून बसली. "तू कुठं रडायचीस?" तिनं विचारलं.

"ऑफिसच्या बाथरूममध्ये, नळ सोडून. तू?"

"शाळेत. मधल्या सुट्टीत, जिन्याखाली."

मग आम्ही दोघी रडलो, त्या घरात पहिल्यांदाच, मोठ्यानं. बाहेर जाऊबाई उभ्या राहिल्या असाव्यात, पण त्या आत आल्या नाहीत. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"आणि बाबा कुठं रडायचे?"

ते मला माहीत नव्हतं.