पंगतीच्या दुसऱ्या सकाळी

“गुरुजी, पाय उचला,” मी म्हणाले.

“उचलायलोय की, म्याडम.”

पाय जागचा हलला नाही. त्यांच्या कपाळावर मात्र घाम आला होता. म्हणजे माणूस खरोखर जोर लावत होता.

सकाळचे आठ वाजले होते. भास्कर गुरुजींना बाजेसकट बैलगाडीतून आणलं होतं. पंचविशीतला, धडधाकट शाळामास्तर. आदल्या संध्याकाळी लग्नात जेवले, चालत घरी आले, झोपले. सकाळी उठायला गेले तर दोन्ही पाय लुळे. मी तेव्हा मानवतकडच्या एका सरकारी दवाखान्यात होते. एमबीबीएस होऊन दोन वर्षं झाली होती.

मी ग्लुकोजचं सलाइन लावलं. गळालेला माणूस आला की सलाइन, ही आमची सवय होती आणि लोकांची मागणीही. तासाभरात गुरुजींचे हातही पडले. मान उशीवरून उचलेना.

तोवर आवारात माणसं जमायला लागली होती. त्याचं कारण मला सिस्टरनी सांगितलं. लग्न गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या मुलीचं होतं. तिचा भाऊ दत्ता सर, गुरुजींच्याच शाळेत शिक्षक. दोघं दोस्त. गुरुजी बौद्ध. दत्ता सरांनी त्यांना पंगतीत स्वतःच्या शेजारी बसवलं. त्या गावात असं पूर्वी झालं नव्हतं. काही जण पानावरून उठून गेले होते. आणि आता सकाळी गुरुजी असे आले होते.

“जेवणात कालवलं,” बाहेर एक जण मोठ्यानं म्हणत होता. “दुसरं काय आसंल?”

लांब लिंबाखाली बागायतदाराच्या बाजूची चार माणसं उभी होती. “नाटक करायलाय मास्तर,” त्यातलं कुणीतरी म्हणालं. तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. ज्यांनी आपली घरं जळताना पाहिली, त्यांना संशय घ्यायला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे त्यांना वेड्यात काढायची माझी हिंमत नव्हती. विष नाही हे मला माहीत तरी कुठं होतं?

हवालदार आत आले. “म्याडम, विषबाधा लिहू का?”

“थांबा जरा.”

“बाहेर बघा की कसं पेटायलंय. कायतरी लिवावं लागंल.”

“दुपारपर्यंत वेळ द्या. चुकीचं लिहिलं तर दोन्हीकडची डोकी फुटतील.”

मी पुन्हा पहिल्यापासून तपासलं. शेतात फवारायचं औषध पोटात गेलं तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, उलट्या होतात. इथं त्यातलं काही नव्हतं. शुद्ध पूर्ण होती. पायाला टाचणी लावली की “टोचायलंय” म्हणत. गुडघ्यावर हातोडी मारली तर मात्र पाय उडत नव्हता. म्हणजे स्पर्शाची खबर वर जात होती, हुकूमही खाली येत असावा, पण स्नायू तो पाळत नव्हते.

बाजेपाशी गुरुजींची आई बसून होती. राहीबाई.

“मावशी, याला किंवा घरात आणखी कुणाला आधी कधी असं झालं होतं?”

“न्हाई. ह्याला न्हाई.” तिनं मुलाच्या पायावरची चादर सारखी केली. “ह्याच्या बापाला व्हायचं.”

“काय व्हायचं?”

“सणावाराला पोटभर गोडधोड खाल्लं की दुसऱ्या दिशी असाच पडून ऱ्हायचा. हात न्हाई पाय न्हाई. दोन दिसांनी आपोआप उठायचा. ज्याच्या शेतात राबायचा त्यो मालक म्हणायचा, कामचुकार हाय. एकदा पडल्या जागी काठीनं हाणलं. त्यो आपला म्हणायचा, उठायलोय, पर उठता यीना.”

माझा हात सलाइनच्या नळीकडे गेला. मी ती बंद केली.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असतं. सोडियम, पोटॅशियम यांचे विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, त्यातून सरळ आरपार जात नाहीत. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांच्या बारीक वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. सोडियमची वाट वेगळी, पोटॅशियमची वेगळी. बऱ्याच वाटांना दारं असतात, ती वेळेवर उघडतात आणि मिटतात. पोटॅशियम पेशीच्या आत जास्त, सोडियम बाहेर जास्त. हुकूम आला की सोडियमची दारं क्षणभर उघडतात, कण आत घुसतात, आणि स्नायू आखडतो. मग पोटॅशियम बाहेर पडून घडी पुन्हा बसते. तुम्ही बोट हलवता तेव्हा एवढं सगळं होतं.

गोडाचं जेवण झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं. ते साखरेबरोबर रक्तातलं पोटॅशियमही पेशींत ढकलतं. तुम्हाआम्हाला त्यानं काही होत नाही. काही घराण्यांत मात्र एका चॅनेलमध्ये जन्मजात दोष असतो. बाहेरचं पोटॅशियम उतरलं की भलत्याच वाटेनं भार आत झिरपतो, आवरणावरचा विजेचा तोल जातो आणि सोडियमची दारं उघडेनाशी होतात. माणूस जागा, मेंदूचा हुकूम शाबूत, पण स्नायू मुके. दोष नेमका कुठं असतो हे पुढं बऱ्याच वर्षांनी उलगडलं. त्या दिवशी मला एवढंच आठवलं की असा एक आजार पुस्तकात आहे आणि त्यात ग्लुकोज देऊ नये. मी तर जवळजवळ बाटलीभर दिलं होतं.

रक्तातलं पोटॅशियम मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. ईसीजीचं जुनं मशीन होतं. पट्टी निघाली. एरवी उंच दिसणारी लाट चपटी झालेली, तिच्या मागं एक जादाची लहान लाट. पोटॅशियम उतरल्याची ही खूण. आणखी उतरलं असतं तर हृदयाचा ठोका बिघडला असता.

“सलाइन का काढलं?” दारातून कुणीतरी ओरडलं.

“माझं चुकलं म्हणून काढलं,” मी म्हणाले.

पोटॅशियमचं सिरप दवाखान्यात नव्हतं. व्हरांड्याच्या कोपऱ्यात दत्ता सर एकटेच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मोटरसायकलला किक मारली. पाऊण तासात मानवतहून दोन बाटल्या घेऊन आले. दारात गुरुजींच्या माणसांनी त्यांना अडवलं.

“ह्याच्या हातचं कायबी द्यायचं न्हाई.”

दत्ता सरांनी बाटल्या माझ्या हातात दिल्या आणि मान खाली घातली. मी सगळ्यांसमोर सील तोडलं, चमचाभर स्वतः प्याले. खारट, कडू, घशात जळजळ. कुणी बाजूला सरकलं नाही.

राहीबाई उठली. “द्या हिकडं. माझा ल्योक हाय.” तिनं औषधाचं माप माझ्याकडून भरून घेतलं आणि स्वतःच्या हातानं मुलाला पाजलं.

ठरावीक वेळानं थोडं थोडं देत गेलो. मधूनमधून ईसीजी काढला. औषध जास्त झालं तरी हृदयाला धोका असतो. दुपारी एकच्या सुमाराला गुरुजींचा अंगठा हलला. तीनला त्यांनी गुडघा वाकवला. पाचला ते भिंतीला धरून उभे राहिले, तेव्हा खिडक्यांना माणसं चिकटली होती.

राहीबाईनं मला विचारलं, “म्हंजी बापाला बी ह्योच रोग व्हता?”

“बहुतेक हाच.”

“म्हंजी त्यो खोटं बोलत नव्हता.”

“नाही मावशी.”

तिनं पदर तोंडाला लावला. सकाळपासून पहिल्यांदाच रडली.

मी हवालदारांना लिहून दिलं: विषबाधेचं लक्षण नाही, आनुवंशिक आजाराची शक्यता, पोटॅशियमनं सुधारणा. लोक पांगले. काहींना पटलं, काहींना नाही. दत्ता सर बाजेपाशी येऊन बसले. गुरुजी त्यांना म्हणाले, “बुंदी लय झाली रे कालची.” दोघंही हसले नाहीत.

पुढं गुरुजी जेवणात गोड सांभाळून राहिले. माझी बदली होईपर्यंत पुन्हा एकदाच आले, तेही स्वतःच्या पायांनी.

पेशंट बरा झाला की डॉक्टरचं कौतुक होतं. माझंही झालं. पण घरात आणखी कुणाला होतं का, हा प्रश्न तपासणीच्या पहिल्या पाच मिनिटांत विचारायचा असतो. मी तो बाटली संपत आल्यावर विचारला.