कलम धरल्यावर बोलू

मला लहानपणीच मधुमेह झाला आणि त्याची लाज घरभर पसरली. इन्शुलिनची बाटली फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे लपलेली, आणि टोचायचं ते मोरीचं दार लावून.

दोन हजार सालानंतर पेपरात मूलपेशींबद्दल यायला लागलं. मीच हौसेनं वडिलांना वाचून दाखवलं: या पेशींपासून इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी घडवायच्या, बारीक जाळीवर वाढवायच्या, मग शरीरात बसवायच्या. प्रयोग अजून उंदरांवर चाललेत, हेही वाचलं. पण वडील पडले द्राक्षवाले. जंगली खुंटावर चांगली काडी भरायची, पट्टी बांधायची, वेल मांडवावर चढवायचा, यात त्यांचा जन्म गेलेला. "अगं, हे तर कलमच की!" म्हणाले. "लय झालं तर दोन वर्षं!" उंदरांचं त्यांनी ऐकलंच नाही.

पुढे सटाण्याकडचे पाहुणे मला बघायला आले. त्यांचीही द्राक्षबाग, मुलगा अंबडला कंपनीत. मुलगा मला आवडला होता, उगाच नाही कशाला म्हणू! मी पोहे देत होते आणि वडील सरळ सांगून मोकळे झाले, "पोरीला शुगर हाय. सुई घ्यावी लागती. पण दोन वर्षांत कलम भरणार तिला."

कुणी पोह्यांना हात लावेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काय खुंट होते?

मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, "मग असं करू पाव्हणं, कलम धरल्यावर बोलू."

हा नकार होता. मला कळला, आईला कळला, वडिलांना नाही. बागाईतदाराचा शब्द म्हणून त्यांनी तो धरून ठेवला. दुसरं स्थळ आलं की म्हणायचे, "आमचं बोलणं झालंय." दर छाटणीला विचारायचे, "पेपरात आलं का गं काही?" मी म्हणायची, "चाललंय, आप्पा." माझ्यापायी त्यांचं गावात हसं होत होतं आणि मला तोंड वर करायची लाज वाटायची.

एकदा वडील मार्केटातून आले. त्या मुलाचं लग्न झाल्याचं तिथं कळलं होतं. "एवढी काय घाई झाली त्यांना," म्हणाले, आणि बोलता बोलताच तो नकार होता हे त्यांना उमगलं. 

जेवायची वेळ झाली. मी फ्रिजकडे वळले तर ते आधीच उठलेले, दह्यामागची बाटली मुठीत धरून उभे.

"गार टोचू नको, दुखतं," म्हणाले. "आन् हितंच टोच. मोरीत जाऊ नको."