किल्ल्या मोजणारे वकील

सिस्टरला डॉक्टर पारखता येत. सदतीस वर्षं नर्सची नोकरी केल्यावर एवढं यायलाच हवं. नवा डॉक्टर वॉर्डात आला की ती त्याच्या पदव्या बघत नसे. खाटेजवळ पोचल्यावर तो आधी पायथ्याचा तक्ता उचलतो की आधी पेशंटकडे बघतो, एवढंच बघे. तक्ता आधी उचलणाऱ्यांची तिने मनातल्या मनात एक यादी केली होती, आणि त्या यादीतल्या कुणाला तिने स्वतःचा साधा खोकलासुद्धा दाखवला नसता.

वकिलांशी मात्र तिचा उभ्या आयुष्यात संबंध आला नव्हता. तो आला निवृत्तीला जेमतेम महिना उरला तेव्हा. इतकी वर्षं ती हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये एका खोलीत राहिली. खोलीच्या किल्लीला नंबर कोरलेला पितळी बिल्ला होता, आणि निवृत्तीच्या दिवशी तो ऑफिसात जमा करायचा असा नियम होता. तिने लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. आता तिला घर हवं होतं, आणि ते तिने बघूनही ठेवलं होतं. चढाच्या रस्त्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं बैठं घर. मालकांचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले काका म्हणत. बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती आणि आता ते दूरच्या शहरात मुलाकडे राहायला निघाले होते. सकाळचं ऊन त्या घरात थेट स्वयंपाकाच्या ओट्यावर उतरायचं. सिस्टरने ते ऊन बघितलं आणि तिचा जीव तिथेच अडकला.

भाचा तिचा लाडका होता आणि जरा जास्तच हुशार होता. त्याने मोबाइलवर एक मोठी वकिलांची कंपनी शोधून काढली.

"मावशी, कागद स्कॅन करून पाठवायचे, आठ दिवसांत काम फत्ते. कुणी यायचं नाही, कुणी जायचं नाही."

"घर बघायलासुद्धा कुणी येणार नाही?"

"वकिलाला घर बघून काय करायचंय?"

सिस्टरला तिची यादी आठवली. गावातलाच वकील बघायचा असं तिने ठरवलं आणि एका शुक्रवारी रजा टाकून तीन जणांकडे जाऊन आली.

पहिल्याच्या ऑफिसात गार हवा होती आणि माणसंही तशीच. तिचं बोलणं संपेपर्यंत त्याने चार वेळा घड्याळ बघितलं. दुसरा मात्र फार गोड. चहा मागवला, तब्येतीची चौकशी केली, आणि मग म्हणाला, "काही काळजी करू नका, चष्मेवाल्यांचं कामही माझ्याकडेच आहे. दोन्हीकडचं मीच बघून टाकतो." सिस्टरने चहा अर्धाच ठेवला. ज्याला दोन्ही बाजूंनी पगार मिळतो तो भांडणार कुणाच्या बाजूने, एवढं तिला वॉर्डातल्या राजकारणावरून कळत होतं.

तिसरा सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीवर बसायचा. साठीचा माणूस, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला, फायलींच्या ढिगामागून नुसतं कपाळ दिसत होतं. खुर्चीमागच्या भिंतीत एक खिळा होता आणि त्याला एकच जुनी, काळवंडलेली किल्ली लटकत होती. सिस्टरने कागद पुढे केले. त्यांनी ते न उघडता बाजूला सारले.

"घराला किल्ल्या किती?"

"काय?"

"पुढच्या दाराच्या. एकूण किती, आणि कुणाकुणाकडे?"

हा माणूस थोडा सरकलेला दिसतो, असं सिस्टरला वाटलं. "मला काय माहीत," ती म्हणाली.

"मग उद्या जाऊन बघू. कागद कुठे पळून जातायत."

जिना उतरता उतरता तिच्या लक्षात आलं की या माणसाने तक्ता आधी उचलला नव्हता. वकील पक्का झाला.

सायकलवाल्याने तिला पुढची माहिती दिली. गाव त्यांना किल्लीवकील म्हणायचं. गेल्या पस्तीस वर्षांत त्यांनी किल्ल्या मोजल्याशिवाय एकाही घराच्या कागदावर सही दिली नव्हती. स्वतःच्या घराची किल्ली मात्र ते आठवड्यातून दोनदा हरवायचे, आणि बायकोने शेजारणीकडे एक ठेवलेली होती म्हणून निभावायचं.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब छत्री काखेत मारून चढ चढून आले. नळ सोडून बघितला, मागच्या भिंतीला हात लावला, शेजाऱ्यांशी पाचएक मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग पुढच्या दाराच्या कुलपापाशी वाकून म्हणाले, "या कुलपाला तीन किल्ल्या येतात."

चष्मेवाल्या काकांनी टेबलावर दोन ठेवल्या. "तिसरी हरवली."

"कधी?"

"झाली असतील बारा वर्षं."

"आणि कुलूप नाही बदललंत?"

काका चष्मा पुसायला लागले. तो आधीच लख्ख होता. "राहून गेलं," ते म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर वकीलसाहेबांनी छत्री टेकवली. "सिस्टर, कागद मी वाचले, कागद स्वच्छ आहेत. घर नवराबायकोच्या नावावर होतं. काकू गेल्या, त्यांच्या अर्ध्या भागाला काका आणि मुलगा असे दोनच वारस, असं काकांनी शपथेवर लिहून दिलंय. पण किल्ली हरवल्यावर बारा वर्षं कुलूप न बदलणारा माणूस मी अजून पाहिला नाही. ती किल्ली कुणाकडे तरी आहे, आणि ते यांना ठाऊक आहे. ते कळेपर्यंत मी सही देणार नाही."

आठवडा गेला. काकांनी निरोप पाठवला की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, काय ते लवकर ठरवा. निवृत्तीला अठरा दिवस उरले होते. भाचा तर पार वैतागला. "कागद स्वच्छ, देणारा तयार, घेणारा तयार, आणि तुझा वकील एका किल्लीसाठी अडून बसलाय. मावशी, घर हातचं जाईल."

तिलाही तेच वाटत होतं. फाइल परत घ्यायची असं ठरवूनच ती माडी चढली. पण तोंड उघडायच्या आधी तिची नजर खिळ्याकडे गेली.

"ही कुठल्या घराची?"

वकीलसाहेबांनी मागे वळून बघितलं नाही. "माझ्या वकिलीच्या दुसऱ्या वर्षी एका घराच्या कागदांवर मी सही दिली. तेव्हाही कागद स्वच्छ होते. घेणारे सामान घेऊन गेले, तर दार आतून एका म्हातारीने उघडलं. मालकांची आत्या. कागदात तिचं नाव कुठेच नव्हतं, हातात किल्ली तेवढी होती. माझ्या सहीच्या जोरावर तिला बाहेर काढलं."

"मग कुठे गेली?"

"आमच्याकडे. माझ्या आईच्या खोलीत नऊ वर्षं राहिली. रोज सकाळी मी निघालो की विचारायची, आज कुणाचं घर विकतोयस रे? जाताना ही किल्ली मला देऊन गेली." त्यांनी तिची फाइल ढिगातून उपसून पुढे ठेवली. "घेऊन जा, राग नाही. तुमची निकड खरी आहे. मला फक्त सही देता येत नाही."

सिस्टरने फाइल घेतली नाही. ती तिथून सरळ चष्मेवाल्या काकांकडे गेली. पेशंट दुखणं लपवतो तेव्हा किती वेळ गप्प बसून राहायचं असतं हे तिला माहीत होतं. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, एकदाच विचारलं, "काका, तिसरी किल्ली कुणाकडे आहे?" आणि गप्प राहिली.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "मुलगी आहे मला एक. इथून दोन तासांवर असते. तिच्या मनाने लग्न केलं. मी म्हटलं, आजपासून तू माझी कुणी नाहीस. ती आईला घट्ट मिठी मारून गेली आणि किल्ली तिच्या पर्समध्येच राहिली. बायको गेल्यावर वारसाचा कागद करायची वेळ आली, तेव्हाही राग गेला नव्हता. जे तोंडाने बोललो तेच लिहून दिलं."

"आणि कुलूप?"

"बदलायला माणूस बोलावला होता. दोनदा. दोन्ही वेळा दारातूनच परत पाठवला."

ओट्यावर ऊन आलं होतं. सिस्टरला ते घर मनापासून हवं होतं. तरी ती बोलली.

"काका, उद्या हे घर माझं झालं तर पहिलं काम मी कुलूप बदलायचं करीन. बाईमाणूस एकटी राहणार, बदलावंच लागेल. मग कधी ती आली, तर तिची किल्ली लागणार नाही."

काका उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "तुम्ही जा आता," ते म्हणाले.

घर गेलं, असं धरूनच ती चढ उतरली. ठरल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये चार भाषणं झाली, तिने पितळी बिल्ला ऑफिसात दिला, रजिस्टरमध्ये सही केली आणि दोन ट्रंका घेऊन भाच्याच्या बाहेरच्या खोलीत राहायला आली. भाचा शहाणा, तो 'मी म्हटलं नव्हतं' असं एकदाही म्हणाला नाही. त्यानेच तिला जास्त रडू आलं.

बाराव्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांचा फोन आला. "घरी या, चष्मेवाल्यांच्या. लगेच."

ती पोचली तेव्हा काका आतल्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी स्वतः माडी चढून सगळं सांगितल्यावर वकीलसाहेबांनी मुलीला रीतसर पत्र पाठवलं होतं, खरा कागद करायचा आहे, तुमची संमती लागेल, म्हणून. त्याखाली काकांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या. काय लिहिलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दार बंद ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं.

बाहेर पावलं थांबली. कुणी कडी वाजवली नाही. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. काका खुर्चीतून अर्धवट उठले. दारात चाळिशीची, बापासारखाच जाड काचांचा चष्मा लावलेली बाई उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "कुलूप जुनंच आहे."

वकीलसाहेबांनी सिस्टरला खूण केली आणि दोघं मागच्या पायरीवर जाऊन बसले. आतलं रडणं ऐकू येत होतं. सिस्टरने मरणं पुष्कळ पाहिली होती, त्यापुढे हे रडणं फार बरं होतं. तिने स्वतःचेही डोळे पुसले आणि वकीलसाहेबांना तसं दिसू दिलं.

कागद नव्याने झाले. मुलीचं नाव त्यात आलं, तिची सही झाली, आणि महिन्याभराने नोंदणी ऑफिसातून सगळे घरी परतले. दुसरं गिऱ्हाईक होतं की नव्हतं, ते काकांना कुणी विचारलं नाही. त्यांची गाडी संध्याकाळची होती. मुलगीच त्यांना सोडायला जाणार होती, आणि दर महिन्याला भेटायलाही. टेबलावर काकांनी दोन किल्ल्या ठेवल्या. मुलीने पर्समधून तिसरी काढून शेजारी ठेवली, पण बोट तिच्यावरून लगेच उचललं नाही.

वकीलसाहेबांनी वही उघडली. "पहिली?"

"माझ्याकडे," सिस्टर म्हणाली.

"दुसरी?"

"भाच्याकडे."

"तिसरी?"

सिस्टरने तिसरी किल्ली उचलली आणि मुलीच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटवली. "तुझ्या आईच्या ओट्यावर सकाळी ऊन येतं. आलीस तर कडी वाजवू नकोस, मला उठायचा कंटाळा येतो."

"सिस्टर," वकीलसाहेब म्हणाले, "तुमचा वकील म्हणून सांगतो, हे चूक आहे. आणि कुलूप बदलणार होतात त्याचं काय?"

"राहून गेलं," सिस्टर म्हणाली.

चष्मेवाले काका चष्मा पुसायला लागले. वकीलसाहेबांनी वहीत तिसऱ्या किल्लीपुढे मुलीचं नाव लिहिलं आणि वही मिटली. इतकी वर्षं सिस्टरच्या खोलीची किल्ली एकच होती, आणि त्या किल्लीची वाट बघणारं हॉस्पिटलचं ऑफिस सोडून कुणी नव्हतं. आता सकाळी चहा टाकताना दोन कप जास्तीचं पाणी ठेवावं की काय, असा विचार तिच्या मनात आला.