नववी डहाळी

आमच्या हायस्कुलात शनिवार अर्ध्या दिवसाचा असे. बाकीची पोरं घरी जायचं म्हणून सकाळपासून उड्या मारत, मला मात्र आठवड्यातला तोच एक दिवस नको वाटे. घरी मामा होता, आणि शाळा नि घर यांच्या मधे जंगल होतं.

आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची ही गोष्ट. अहेरीच्या वाटेवरच्या एका बाजाराच्या गावात ही शाळा होती. कवेलूच्या छपराची लांबट इमारत, मातीच्या भिंती, समोर चिंच. आम्ही खेड्यावरची नऊ पोरं सोमवारी पहाटे तांदळाची गाठोडी डोक्यावर घेऊन निघायचो आणि आठ मैल चालून प्रार्थनेला पोचायचो. मुलगे शाळेच्या मागच्या खोलीत राहत. आम्ही दोघीच मुली, दोघीही दहावीत. आमची सोय हेडमास्तरांच्या घरच्या पडवीत होती. सोमवारी प्रार्थना नि नखं तपासणं, बुधवारी श्रमदान, शुक्रवारी सारवण, शनिवारी सभा आणि मग घर. आठवडा असा ठरलेला, आणि मला तो पाठ असलेल्या पाढ्यांसारखा आवडे.

शनिवारी गावात बाजारही भरे. सभा संपली की हेडमास्तर शाळेच्या ओसरीवर एक बाक मांडायला लावत. बाजाराला आलेल्या लोकांची पत्रं तिथं बसून आम्ही वरच्या वर्गातल्या पोरांनी फुकट लिहून द्यायची आणि आलेली वाचून दाखवायची. कुणाचा लेक कोळशाच्या खाणीत, कुणाचा जावई नागपूरला गिरणीत. "शाळा सरकारची नाही, तुमची आहे," असं हेडमास्तर लोकांना सांगत, आणि लोकांना ते पत्रांमुळंच पटत असावं.

त्या बाकावर दुसऱ्या मुलीपुढं, माझ्या मैत्रिणीपुढं, रांग लागे. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि बाया जे रडत रडत सांगत ते ती चार ओळींत नीट बसवे. माझ्यापुढं कुणी येत नसे. माझं अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नसे, हे खरं, पण खरं असलं म्हणून राग यायचा थोडाच राहतो? राग माझ्या नाकावरच बसलेला असे.

त्या वर्षी दिवाळीनंतर वाघ लागला. आधी एक गाय, मग दोन गुरं, आणि धान कापणीच्या दिवसांत सरपणाला गेलेली एक बाई. तिची मोळी बांधलेली तशीच सापडली. जंगलात त्याचं नाव कुणी घेत नसे, नुसतं 'तो' म्हणत. गोंडवस्तीतली माणसं संध्याकाळी लवकर कवाडं लावू लागली. चांद्याहून शिकारी येणार असं महिनाभर ऐकत होतो, आला कुणीच नाही.

दोघींच्याही घरून आमची शाळा बंद व्हायच्या बेतात होती. मैत्रिणीच्या वडिलांचा तिच्यावर फार जीव. ते म्हणाले, "जथ्यानं जाशीन, जथ्यानं येशीन. जथ्याबाहेर एक पाऊल टाकलं का शाळा बंद." माझ्या मामानं वेगळं सांगितलं. बाप नसलेल्या पोरीला तो पोसत होता आणि पोसतो हे रोज बोलून दाखवत होता. "तुही एक बी तक्रार कानावर आली का लगन लावून देतो," एवढंच तो म्हणाला. वाघाचा त्यानं उल्लेखही केला नाही. म्हणजे दोघींची मॅट्रिक अशी एकेका धाग्याला लटकलेली, आणि दोघींनाही ते पक्कं ठाऊक होतं.

जथ्याची एक रीत होती. ती आम्ही काढलेली नव्हती, लाकूडतोड्यांची होती. गाव संपून जंगल सुरू होतं तिथं एका मोहाखाली सपाट दगड होता. बाजारातून मीठमिरची घेऊन जो तो आपापल्या वेळेनं तिथं येई. आला की त्यानं आपल्या हातानं एक हिरवी डहाळी तोडून दगडावर ठेवायची आणि लहानांनी दोघं-चौघं मिळून पुढं निघायचं, कारण दुपारी त्या वाटेनं बैलगाड्या जात आणि त्यांची सोबत मिळे. आमच्यातली मॅट्रिकची दोन थोरली पोरं सर्वांत शेवटी येत. त्यांनी डहाळ्या मोजायच्या. स्वतःच्या धरून नऊ भरल्या तर दगड साफ करून निघायचं. एक जरी कमी असली तरी हलायचं नाही, त्या पोराला शोधून आणायचं. पाच मैलांवर नाला लागे. तिथं सगळ्यांनी थांबून एकत्र पलीकडे जायचं. नाल्यापुढं धानाच्या बांध्या होत्या, उघडं रान होतं, तिथं भीती नव्हती.

वर्गात आम्ही एकमेकांची हजेरी सर्रास लावत असू. मास्तर मान खाली घालून नावं वाचत आणि कुणीही कुणासाठी 'हजर' म्हणे. दगडावर मात्र असलं कुणी कधी केलं नव्हतं. करू नये असं कुणी सांगितलंही नव्हतं, इतकं ते उघड होतं.

त्या शनिवारी बाकावरची रांग काही संपेना. एक म्हातारी लेकाचं पत्र घेऊन आली होती आणि ते तिला तिसऱ्यांदा ऐकायचं होतं. लेकानं दुसरं घर केल्याचं त्यात लिहिलेलं होतं. मी खांबाला टेकून उभी होते. पोटात कावळे कोकलत होते, लहान पोरं घाई करत होती. मैत्रीण मान वर न करता मला म्हणाली, "तू चाल वो पुढं. हिले उत्तर लिहून देतो नि आलोच. माही बी डहाळी ठेवजो, म्हणजे त्याईले थांबा लागनार नाई. मी त्याईले वाटंतच गाठतो."

तिची समजूत अशी, की थोरली पोरं अजून बाजारात आहेत आणि त्यांच्या मागोमाग निघून ती त्यांना सहज गाठेल. मी नाही म्हणायला हवं होतं. मला कळत होतं. पण मी मनात म्हटलं, बस तू तुझ्या रांगेत, मला काय करायचंय. रागापायी माणूस मोठं काही करत नाही, एवढंच करतो. मोहापाशी आले, पळसाच्या दोन डहाळ्या तोडल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि पोरांना घेऊन चालू लागले.

वाटेत त्या दिवशी एकही गाडी भेटली नाही. कापणीमुळं बैल शेतात होते. सागाची मोठी पानं गळत होती आणि प्रत्येक पान पडताना कुणी पाऊल टाकल्यासारखा आवाज होई. पाच लहान पोरं मला चिकटून चालत होती.

नाल्यावर पोचलो तर मैत्रिणीचे वडील वाळूत बसलेले. खांद्यावर कुऱ्हाड. कापणी सोडून आले होते. सकाळी नाल्याच्या अलीकडच्या अंगाला त्याचा माग कुणीतरी पाहिला होता.

"माही पोरगी कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"मागून येऊन राह्यली, भाऊ. मोठ्या पोट्ट्याईसंग," मी म्हटलं. त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं.

ते पुन्हा बसले. आम्ही घुगऱ्या काढून खाल्ल्या. अर्धा तास झाला असेल, थोरली पोरं वळणावर दिसली. मी त्यांच्या मागं पाहत राहिले. दोघंच होती.

वडील उभे राहिले. त्यांनी काही विचारायच्या आधीच त्यातला एक म्हणाला, "सारे आले ना?" मग आमच्याकडे पाहून त्याचा चेहरा उतरला. "नऊ होत्या, भाऊ. आमी दोघांनी बी मोजल्या. नऊ होत्या."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कुऱ्हाड हातात घेऊन ते आल्या वाटेनं जवळजवळ पळत सुटले आणि ती दोघं त्यांच्या मागं. मला ओरडून सांगायचं होतं, की ती दगडापाशी आलीच नव्हती, ती अजून ओसरीवर असेल. पण लग्न लावून देतो म्हणणारा मामा डोळ्यांसमोर होता, आणि पाच पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती.

आम्ही नाल्यात बसून राहिलो. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं, खाली थंडी पडू लागली. मग जंगलात वानरं ओरडली. आधी एक, मग सगळी, आणि तो आवाज एका जागी न राहता वाटेच्या कडेकडेनं सरकत आमच्या बाजूला येऊ लागला. वानर कधी ओरडतं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सर्वांत लहान पोरगा रडायला लागला तेव्हा मी त्याच्या तोंडावर हात दाबून धरला. मी इतकी भ्याले होते, की देवाजवळ मागताना तिला वाचव म्हणायच्या आधी माझं नाव निघू देऊ नकोस असं म्हणून गेले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग आवाज थांबला. बऱ्याच वेळानं माणसांची चाहूल लागली. पुढं ती होती, मागं वडील, मग दोघं पोरं. ती धडधाकट होती. केसांत पानं अडकलेली, ओठ पांढरे. दगडापाशी आली तेव्हा दगड साफ झालेला होता. परत फिरून गावात राहावं तर घरी आकांत होईल आणि शाळा बंद होईल, म्हणून पोरांना गाठायला एकटीच निघाली होती. अर्ध्या वाटेत हे तिघे तिला भेटले.

नाल्यात उतरल्यावर वडील थांबले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "तुही डहाळी कोनं ठेवली?"

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. फार नाही, डोळ्याचं पातं लवावं एवढंच.

"मीच ठेवली, बाबा. ठेवून वापस बाजारात गेलो."

लहानग्यांनी मला दोन डहाळ्या तोडताना पाहिलं होतं, पण ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मी पाण्याकडे. वडील म्हणाले, "बरं. शाळा झाली तुही." आणि आम्ही सगळे नाला ओलांडून गेलो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती उखळात धान कांडत होती. हळूच म्हणाली, "तुहा मामा तुले कोनाच्या बी गळ्यात बांधला असता. बाबा माहे आहेत. आठ दिवस राग राहीन, मंग धाडतीन. मास्तरले सांगजो, ताप आहे मनून." मला इतकं हलकं वाटलं, की मी घरी येऊन पोटभर जेवले. त्याची लाज मला नंतर वाटली, त्या दिवशी नाही.

सोमवारी वडील स्वतः कुऱ्हाड घेऊन आमच्या जथ्याबरोबर निघाले, आणि मग दर सोमवारी, दर शनिवारी. त्या पहिल्या सोमवारी धुळीत तिच्या उघड्या पावलांचे ठसे शनिवारचे तसेच होते. दोनेक फर्लांगभर प्रत्येक ठशाला लागून, कुठं कुठं अर्धा ठसा झाकून, त्याच्या पंजाचा ठसा होता. वडिलांनी ते शनिवारीच पाहिले असणार. त्यांनी पायानं एकेक ठसा पुसला आणि पोरांना कडेनं चालवलं.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. मी मास्तरांना ताप सांगत राहिले. महिन्यानं तिचं नाव पटावरून गेलं. ओसरीवरच्या बाकावर आता बाया माझ्यापुढं बसू लागल्या, कारण दुसरी मुलगी नव्हती.

होळीच्या आधी तो वाघ कुठंसा मारला गेला. तरी वडील यायचे थांबले नाहीत. सवय झाली होती, की दुसऱ्यांची पोरं पोचवताना त्यांना बरं वाटत होतं, कोण जाणे. एका सोमवारी पोरं पुढं गेली होती आणि आम्ही दोघंच मागं होतो. मी धीर करून म्हटलं, "भाऊ, आता तो मेला. तिले धाडा ना."

ते चालत चालतच बोलले. "त्याच्या भेवानं नाई ठेवली मी तिले घरी, बाई. एवढ्या लेकराईच्या जिवाशी तिनं खोटं केलं. ते नसतं केलं, तं दुसऱ्याच सोमवारी धाडलो असतो. कोनी मले म्हनलं असतं का तिनं नाई केलं, तरी धाडलो असतो. पन तिनंच आपल्या तोंडानं सांगतलं."

मोहाचा दगड तिथून शंभर पावलांवर होता. तेवढी शंभर पावलं मला मिळाली होती. त्या वर्षीची परीक्षा दोन आठवड्यांवर होती, तिचं नाव पुन्हा लागलं असतं, ती माझ्याबरोबरच अकरावीत बसली असती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "हो, भाऊ."

ते म्हणाले, "तू शहानी आहेस. शिक." आणि माझ्या डोक्यावरचं तांदळाचं गाठोडं त्यांनी आपल्या डोक्यावर घेतलं.